पाणी परत जातं, गाळ राहतो

३१ जुलै २०११ रोजी जुहू-वर्सोव्याच्या वाळूत एक तेलवाहू जहाज येऊन रुतलं. नाव ‘एमटी पवित’. आत चिटपाखरू नाही, इंजिन बंद. महिनाभर आधी ओमानजवळ हे जहाज अडचणीत आलं, ब्रिटिश नौदलाच्या ‘एचएमएस सेंट अल्बन्स’नं खलाशांना उतरवून घेतलं आणि जहाज बुडालंच असेल असं धरून सगळे आपापल्या वाटेनं गेले. ते बुडालं नाही. मान्सूनचा वारा आणि प्रवाह यांनी ढकलत ढकलत त्याला अख्खा अरबी समुद्र पार करवला. २६/११ला तीन वर्षंही झाली नव्हती, म्हणून चर्चा झाली ती रडारची, तटरक्षक दलाची, पोलिसांच्या गस्तीची. ती व्हायलाच हवी होती. पण एक साधा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही: महिनाभर एक वस्तू वाऱ्यापाण्यावर तरंगत होती, तर ती कुठे लागेल याचा हिशेब कुणी मांडला होता का?

हा हिशेब मांडता येतो, त्याचं शास्त्र आहे. वाहत्या पाण्यात, हवेत, तेलात सापडलेल्या घन वस्तूचा संगणकावर माग काढायचा. मग ती वस्तू जहाज असो, प्लास्टिकची पिशवी असो किंवा केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा चिखलाचा कण असो. अभियंते त्याला बहुप्रावस्थी, म्हणजे अनेक अवस्थांच्या, प्रवाहाचं सिम्युलेशन म्हणतात. कारखान्यात सिमेंटची भुकटी नळीतून कशी जाईल, दम्याच्या फवाऱ्यातलं औषध फुप्फुसात कुठवर पोचेल, हे याच शास्त्रानं पाहतात. माझं म्हणणं असं, की या शास्त्राची सगळ्यात जास्त निकड जिथे आहे त्या जागांत वर्सोव्याची खाडी येते, आणि तिच्याबद्दल निर्णय घेताना आपण ते अर्धवट वापरतो. पाणी कुठे जाईल हे विचारतो. पाणी काय टाकून जाईल आणि कुठे, हे विचारत नाही.

प्रवाहाकडे बघायच्या दोन रीती आहेत. एक ऑयलरच्या नावानं ओळखतात, दुसरी लाग्रांजच्या. अंधेरी स्टेशनच्या पुलावर उभं राहून मिनिटाला किती माणसं गेली ते मोजणं ही ऑयलरची रीत. त्यातल्या एकाच प्रवाशाच्या मागे लागून तो कुठल्या गाडीत चढला, कुठे उतरला, कुठे अडकला हे पाहणं ही लाग्रांजची. गर्दीचा अंदाज हवा असेल तर पहिली पुरते. हरवलेलं पोर शोधायचं असेल तर पहिलीचा काडीचा उपयोग नाही. सरकारी अहवालांत पाण्याची पातळी, प्रवाहाचा वेग, गढूळपणाची सरासरी यांचे तक्ते येतात, ते सगळे पुलावर उभं राहून केलेले. आणि वेसावकरांची, म्हणजे वर्सोव्याच्या कोळ्यांची, तक्रार मात्र हरवलेल्या पोराच्या जातीची आहे: होडी लागायची ती जागा भरत चालली, ओहोटीला बोट चिखलात बसते, हा चिखल आला कुठून?

एक कण घेऊ. खाडीच्या तोंडाशी पाणी दोन मीटर खोल आहे आणि क्षणभर निवांत आहे असं धरू. जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यानं १८५१ मध्ये बारीक गोल कण पाण्यात किती वेगानं खाली बसतो त्याचं सूत्र दिलं. त्या सूत्रानं बारीक रेतीचा एक दशांश मिलिमीटरचा कण चार मिनिटांच्या आत तळाला जातो. एक शतांश मिलिमीटरचा, म्हणजे गाळाचा कण, साधारण सहा तास घेतो. एक सहस्रांश मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला पंचवीस दिवसांहून जास्त लागतात. तिन्ही कण एकाच ओंजळीतले, पण नशीब तिघांचं वेगळं. रेती पडेल तिथेच पडते. चिकणमाती खाली बसेपर्यंत भरती-ओहोटीचे पन्नासएक फेरे होऊन गेलेले असतात. मधला गाळाचा कण बघा: त्याला लागतात सहा तास, आणि मुंबईत भरतीनंतर ओहोटी यायलाही तेवढेच, सहा तासांच्या वर काही मिनिटं. भरतीबरोबर आत आलेला हा कण तळाच्या जवळ पोचतो न पोचतो तोच पाणी फिरतं. तो टेकला की उचलला गेला, हे काही मिनिटांच्या आणि काही सेंटिमीटरच्या फरकानं ठरतं. सरासरीच्या तक्त्यात हा फरक दिसणारच नाही.

समुद्राच्या खाऱ्या पाण्यात आणखी एक गोष्ट होते. चिकणमातीचे सुटे कण एकमेकांना चिकटून त्यांचे सैल पुंजके होतात आणि पुंजका सुट्या कणाच्या कित्येक पट वेगानं खाली बसतो. नाल्यानं आणि ओशिवरा नदीनं आणलेला गोड्या पाण्यातला गाळ खाडीत खाऱ्या पाण्याला भेटतो, तिथेच हे घडतं. म्हणजे शहराची धूळ, बांधकामाचा राडारोडा, सांडपाण्यातला मैला, हे सगळं जड व्हायची जागा आणि होड्या लावायची जागा साधारण एकच आहे. महापालिकेचं वर्सोव्याचं सांडपाणी केंद्र याच खाडीला लागून आहे. वरळी आणि वांद्र्याचं सांडपाणी बोगद्यातून काही किलोमीटर आत समुद्रात सोडतात; वर्सोवा-मालाडच्या वाट्याला ती सोय आलेली नाही.

आता मूळ मुद्दा. खाडीत भरतीला जेवढं पाणी येतं तेवढंच ओहोटीला जातं. पाण्याचा जमाखर्च शून्य. यावरून कुणालाही वाटेल की गाळाचाही जमाखर्च शून्यच असणार. तसं नसतं. समजा भरती पाच तास चालली आणि पाण्याचा वेग १.२ होता, ओहोटी सहा तास चालली आणि वेग १ होता. पाणी दोन्ही वेळी सारखंच: पाच गुणिले १.२ म्हणजे सहा, आणि सहा गुणिले एक म्हणजेही सहा. पण गाळ उचलून नेण्याची पाण्याची ताकद वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, ढोबळ मानानं वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. १.२चा घन १.७३ येतो. त्याला पाचानं गुणलं तर साडेआठच्या वर. ओहोटीच्या बाजूला सहाच. भरतीनं आणलेल्या गाळातला तिसऱ्या हिश्शाच्या आसपास गाळ आतच राहिला. आकडे मी उदाहरणादाखल घेतलेत, वर्सोव्याच्या खाडीत नेमका फरक किती ते मोजूनच सांगावं लागेल. पण उथळ, तिवरांनी वेढलेल्या खाड्यांत असं होतं हे शास्त्रज्ञांना गेल्या शतकाच्या मध्यापासून ठाऊक आहे. डच लोकांनी आपल्या उत्तरेकडच्या उथळ समुद्रावर हा अभ्यास आधी केला. पाणी प्रामाणिकपणे परत जातं, गाळ जात नाही. म्हणून ‘प्रवाहावर नगण्य परिणाम’ असं वाक्य अहवालात वाचलं की मी थांबतो. प्रवाहावर नगण्य असेल. पण वेगात दहा टक्क्यांचा बदल झाला तर घनाच्या हिशेबानं गाळ वाहण्याच्या ताकदीत तेहतीस टक्क्यांचा होतो.

महाराष्ट्राला हे शास्त्र नवं नाही. १९१६ मध्ये मुंबई इलाख्याच्या सरकारनं सिंचनासाठी एक विशेष विभाग काढला, त्याचंच पुढे खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र झालं. सर क्लॉड इंग्लिस यांच्या काळात तिथे नद्यांच्या, कालव्यांच्या, पुढे बंदरांच्या प्रतिकृती उघड्या मैदानात बांधल्या जाऊ लागल्या. खरं पाणी सोडून, खरी माती टाकून पाहायचे. इंग्लिस यांना सगळ्यात जास्त छळलं ते गाळानंच. कारण एक अडचण मुळातच सुटणारी नव्हती. नदी शंभर पटीनं लहान करता येते, पण रेतीचा कण शंभर पटीनं लहान केला की ती रेती राहत नाही, तिची चिकणमाती होते आणि ती चिकटायला लागते. पाण्याची प्रतिकृती होते, कणाची होत नाही. म्हणून जगभरच्या प्रयोगशाळा रेतीऐवजी कोळशाची भुकटी, लाकडाचा भुसा, अक्रोडाच्या टरफलांचा चुरा असल्या हलक्या वस्तू वापरत आल्या. संगणक आला तेव्हा त्याचं सगळ्यात मोठं देणं हे होतं, की त्यात कण जसाच्या तसा ठेवता येतो.

अर्थात जसाच्या तसा ठेवायचा म्हटलं तरी किती ठेवणार? एक शतांश मिलिमीटरच्या कणांचा एक किलो गाळ घेतला तर त्यात सत्तर हजार कोटींच्या वर कण भरतात. जगातला कुठलाही संगणक खाडीभर कण एकेक करून मोजू शकत नाही. म्हणून लाखो कणांचं एक पुडकं करतात आणि पुडक्यालाच एक कण मानून त्याचा माग काढतात. प्रत्येक पावलाला, म्हणजे सेकंदाला किंवा त्याच्या अंशाला, पुडक्यावर काय काय बळं लागतात ते पाहायचं: पाण्याची ओढ, स्वतःचं वजन, पाण्याची उचल. शिवाय खळबळीमुळे बसणारे धक्के. ते तर फासे टाकून ठरवतात, कारण खळबळीचा प्रत्येक भोवरा सोडवणं शक्य नसतं. द्रवाच्या गतीची समीकरणं नाविए यानं १८२२ मध्ये आणि स्टोक्स यानं पुढे १८४५ मध्ये मांडली. त्यांना त्रिमितीत कायम सुरळीत उत्तर असतंच का, हे अजून सिद्ध झालेलं नाही. २००० सालापासून त्यावर दहा लाख डॉलरचं बक्षीस पडून आहे. गणितज्ञ तिथे अडले म्हणून अभियंते थांबले नाहीत, आणि ते बरंच झालं.

या शास्त्राची कुळकथा थोडक्यात सांगून टाकतो. लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत हार्लो आणि वेल्च यांनी १९६५ मध्ये पाण्याचा उघडा पृष्ठभाग ओळखायला खुणेचे कण सोडायची युक्ती काढली. कंडॉल आणि स्ट्रॅक यांनी १९७९ मध्ये एकमेकांवर आदळणाऱ्या दाण्यांचा हिशेब बसवला. हर्ट आणि निकोल्स यांनी १९८१ मध्ये हवा आणि पाणी यांची सीमा पकडायची सोपी रीत दिली. पुढे २००४ मध्ये ‘ओपनफोम’ नावाची प्रणाली सगळ्यांना फुकट खुली झाली, आणि पवईच्या आयआयटीत ती विद्यार्थ्यांना शिकवण्याचा उपक्रमही चालतो. म्हणजे परवडत नाही ही सबब आता उरलेली नाही. वर्सोव्यापासून पवई किती लांब आहे ते मी मुंबईकराला सांगायला नको. ट्रॅफिक सोडला तर काहीच नाही.

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर या ‘अनेक अवस्था’ एकाच चौरस मीटरमध्ये भेटतात. पावसाळ्यात ओहोटीला वाळूवर चाललात तर पायाला काळे चिकट गोळे लागतात. ते डांबरगोळे. समुद्रात सांडलेलं किंवा टाकी धुताना सोडलेलं तेल उन्हावाऱ्यानं घट्ट होतं, त्यात पाणी मिसळतं, वर वाळू चिकटते आणि नैर्ऋत्येचा वारा ते किनाऱ्यावर आणून टाकतो. तेल, पाणी, हवा आणि दाणे, चारही एका गोळ्यात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गोव्याच्या किनाऱ्यावरच्या अशा गोळ्यांचे रासायनिक ठसे तपासले, संगणकावर त्यांचा उलटा माग काढला आणि मुंबई हायच्या तेलक्षेत्राकडे बोट दाखवलं. याच संस्थेचं मुंबईतलं केंद्र चार बंगल्याला आहे. केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था तर वर्सोव्यातच, यारी रोडला लागून. ७ ऑगस्ट २०१० रोजी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजं मुंबई बंदराबाहेर धडकली, शेकडो टन तेल सांडलं आणि कंटेनर तरंगत सुटले, तेव्हा पाण्यावरचं तेल, पाण्याखालचं तेल आणि पोलादी पेट्या या तिन्हींच्या वाटा वेगवेगळ्या निघाल्या. तेल वाऱ्याच्या वेगाच्या साधारण तीन टक्क्यांनी वाहतं; अर्धी बुडालेली पेटी किती वाहील हे तिच्या बुडण्यावर ठरतं.

आणि प्लास्टिक. वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये या किनाऱ्याची सफाई सुरू केली, माणसं जोडली गेली, हजारो टन कचरा निघाला, आणि मार्च २०१८ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं इथून समुद्रात गेली. वीसएक वर्षांत असं घडलं नव्हतं. या कामाला हात जोडावेत असंच ते आहे. पण पहिल्या मोठ्या उधाणाला समुद्र पुन्हा कचरा आणून टाकतो, याचं उत्तर झाडूत नाही. हा कचरा कुठल्या नाल्यातून, कुठल्या भरतीला बाहेर पडला आणि किती फेरे मारून परत आला? पॉलिथिनची पिशवी पाण्याहून हलकी असते, बाटलीचं प्लास्टिक पाण्याहून जड. तरंगणाऱ्या तुकड्यावर शेवाळ आणि कालवं बसली की तोही बुडतो. चिंधीसारखी पिशवी स्टोक्सच्या गोल कणासारखी वागत नाही. सिम्युलेशनमध्ये या प्रत्येक गोष्टीसाठी एकेक आकडा घालावा लागतो, आणि हा लेख मी मुख्यतः ज्यासाठी लिहितोय तो मुद्दा तिथेच आहे.

समजा प्लास्टिकचा तुकडा वाहत वाहत तिवरांच्या मुळांशी पोचला. आता काय? प्रणालीत तीन पर्याय असतात. कण भिंतीवर आदळला की चिकटून राहील. किंवा परत उसळेल. किंवा ठरावीक वेळानं, ठरावीक शक्यतेनं सुटून पुन्हा प्रवाहात जाईल. चिकटतो म्हणालात तर खाडी ही कचऱ्याची कोठी ठरते आणि किनारा स्वच्छ दिसतो. उसळतो म्हणालात तर सगळा कचरा समुद्रात आणि पुढच्या उधाणाला वर्सोव्याच्या वाळूत. तिसरा पर्याय घेतलात तर सुटण्याचा काळ किती धरायचा, एक दिवस की एक महिना? हा एक आकडा बदलला की नकाशाचा रंग बदलतो. आकडा टाकणारा माणूस प्रामाणिक असेल, पण कुठून तरी तो आणावाच लागतो, आणि आणला कुठून हे अहवालाच्या वाचकाला सहसा कळत नाही. वाचकाला मिळतं निळं-हिरवं-लाल चित्र. रंगीत चित्रावर माणसाचा चटकन विश्वास बसतो. माझाही बसतो. म्हणूनच चित्रामागचा आकडा मागायला हवा.

आकडा आणायचा कुठून, याचं एक उत्तर वेसाव्याच्या कोळीवाड्यात आहे. डोल जाळं म्हणजे काय ते पाहा. भरतीच्या ओढीसमोर तोंड करून खुंटांना किंवा नांगराला बांधलेली लांबलचक निमुळती पिशवी. ती मासळीच्या मागे जात नाही; प्रवाह जे आणेल ते तिच्यात जातं. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली आणि आता प्लास्टिक. पाणी फिरायच्या आधी जाळं ओढायचं, टोकाचा खोला सोडून माल टोपलीत रिकामा करायचा. उधाणाला ओढ जोरात, म्हणून माल जास्त. भांगेला पाणी मंद, म्हणून कमी. प्रवाहात बांधलेलं, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं हे मोजमापच आहे. एखाद्या शास्त्रज्ञानं प्रवाहातले कण गोळा करायला यंत्र बनवायचं ठरवलं तर ते बरंचसं डोलीसारखंच दिसेल. खोल्यातून निघालेल्या प्लास्टिकचं रोज वजन केलं आणि तिथी लिहून ठेवली, तरी वर सांगितलेला तिवरांतून सुटण्याचा काळ अंदाजानं टाकायची गरज बरीच कमी होईल.

इथे दोन टोकांचे आक्षेप येतात आणि दोन्ही मला मान्य नाहीत. पहिला: संगणक कशाला, कोळ्याला सगळं ठाऊक आहे. कोळ्याला खाडी जशी होती आणि आहे तशी ठाऊक आहे, आणि ते ज्ञान अमोल आहे. पण पाण्यात उद्या खांब उभे राहिले, भराव पडला, तर खाडी पूर्वी कधीच नव्हती तशी होईल. न घडलेल्या गोष्टीचा अनुभव कुणाच्याच गाठीला नसतो. तिथे हिशेबच करावा लागतो. दुसरा आक्षेप: हा तज्ज्ञांचा विषय, लोकांनी त्यात पडू नये. वरळीला काय झालं ते आठवा. सागरी किनारा रस्त्याच्या पुलाच्या खांबांमधून बोटी नेण्यासाठी प्रशासनाच्या मते ६० मीटर अंतर पुरेसं होतं. वरळी कोळीवाड्यातल्या मच्छीमारांनी १६० मीटर मागितले. आंदोलन चाललं, काम अडलं, आणि अखेर डिसेंबर २०२२ मध्ये १२० मीटर ठरले. साठ पुरेसे होते तर एकशेवीस कसे झाले? आणि एकशेसाठची गरज होती तर एकशेवीसवर का मिटलं? हा आकडा वाटाघाटीतून आला. वाटाघाट वाईट नव्हे, लोकशाहीत ती लागतेच. पण सगळा वाद बोट जाईल की नाही यावर झाला. खांबांमागे पाणी मंदावून गाळ कुठे बसेल, आणि दहा वर्षांनी बोट जायला पाणी तरी उरेल का, हा प्रश्न मागेच राहिला. आता वांद्रे-वर्सोवा सागरी सेतू येतोय, सतरा किलोमीटरचा. वर्सोव्याच्या पुढेही उत्तरेला रस्ते आणि पूल आखलेत. एकेका प्रकल्पाचा परिणाम नगण्य ठरेलही. सगळ्यांची बेरीज करून हिशेब कोण मांडणार?

मोजणीचं एक दुखणं तर नियमातच आहे. पर्यावरण आघाताचा अहवाल झटपट प्रकारातला असेल तर एका हंगामाची मोजणी चालते, आणि तो हंगाम पावसाळा सोडून घ्यायचा. हवेच्या प्रदूषणासाठी यात अर्थ असेल. पावसानं धूळ खाली बसते. गाळासाठी हे उफराटं आहे. वर्षभराच्या गाळातला मोठा वाटा पावसाळ्याच्या चार महिन्यांत हलतो. नाले तेव्हाच भरून वाहतात, लाटा तेव्हाच तळ ढवळतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या एका दिवशी शहरातून किती माती खाड्यांत गेली असेल ते डोळ्यांसमोर आणा. जानेवारीतल्या निवळ पाण्यात मोजलेले आकडे भरून चालवलेलं मॉडेल जानेवारीबद्दल खरं सांगेल. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी खाडीत नांगरलेल्या. नेमक्या त्याच दोन महिन्यांत खाडीचा तळ बदलतो आणि नारळी पौर्णिमेनंतर बाहेर पडताना तांडेलला तो नव्यानं समजून घ्यावा लागतो.

गढूळपणा वाढला की हिशेबाची पद्धतही बदलावी लागते, हेही सहसा सांगितलं जात नाही. लिटरभर पाण्यात पावणेतीन मिलिग्रॅमपेक्षा कमी गाळ असेल, म्हणजे आकारमानानं दहा लाखांत एक भाग, तर कण फक्त पाण्याबरोबर जातात. पाण्याला त्यांचा पत्ताही लागत नाही. त्याच्या वर गेलं की कण पाण्याची खळबळ दाबायला लागतात. आणि लिटरला पावणेतीन ग्रॅमच्या पुढे, म्हणजे हजारात एक भाग, कण एकमेकांवर आदळतात, अडवतात, दाटतात. पावसाळ्यात खाडीच्या तळाजवळचा पातळ चिखल या तिसऱ्या वर्गात जातो. त्याला पहिल्या वर्गाचा सोपा हिशेब लावला तर संगणक कुरकुर न करता उत्तर देईल, आणि ते चुकीचं असेल.

मग अशा हिशेबावर विश्वास ठेवायचा तरी किती? किती ठेवायचा ते तो हिशेब स्वतः सांगत असेल तेवढा. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेनं २०१६ मध्ये समुद्रात हरवलेली माणसं आणि बोटी शोधायला ‘सारट’ नावाची प्रणाली सुरू केली. शेवटचं ठिकाण आणि वेळ द्यायची. ठिकाण नक्की नाही, वेळही नक्की नाही, हे धरूनच ती असंख्य कण सोडते आणि शेवटी एक ठिपका न दाखवता शोधायचा पट्टा दाखवते, कुठे शक्यता जास्त आणि कुठे कमी. तटरक्षक दलाला तो पट्टा उपयोगी पडतो, कारण त्यात अनिश्चितता लपवलेली नाही. जीव वाचवताना आपण मॉडेलकडून एवढा खरेपणा मागतो. पूल बांधताना मात्र एकच ओळ चालवून घेतो: परिणाम नगण्य.

माझी मागणी मोठी नाही. २००६च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीपूर्वी आघात अहवालाचा सारांश राज्याच्या भाषेत द्यावा लागतो. तो मराठीत मिळतो. त्या सारांशात आणखी दोन पानं घालावीत. मोजणी कुठल्या महिन्यात केली, कणांचे आकार कोणते धरले, खाऱ्या पाण्यातले पुंजके धरले की नाही, तिवरांशी कण चिकटतो की सुटतो, हे आकडे थोडे बदलले तर उत्तर किती बदलतं, आणि आधीच मंजूर झालेले शेजारचे प्रकल्प हिशेबात आहेत का, एवढं त्यात असावं. मॉडेलमध्ये भरलेली सगळी माहिती खुली ठेवावी, म्हणजे पवईचा एखादा विद्यार्थी तीच घेऊन पुन्हा चालवून पाहू शकेल. चार बंगल्याची आणि यारी रोडची संस्था, खडकवासल्याचं केंद्र आणि वेसाव्यातल्या मच्छीमार सहकारी संस्था यांनी मिळून दोन पावसाळे डोलीतल्या मालाबरोबर कचऱ्याची आणि गाळाची नोंद ठेवावी. खर्च सागरी सेतूच्या खर्चापुढे कुठेच दिसणार नाही. आणि वर्सोव्यात, मढला, मालाडला राहणाऱ्यांनी पुढच्या जनसुनावणीला जाऊन रंगीत नकाशा दाखवणाऱ्या साहेबांना एवढंच विचारावं: हे पाण्याचं झालं, गाळाचा नकाशा कुठे आहे आणि त्यात जुलै महिना आहे का?